एक कान मोकळा

"दोन्ही कान असे झाकून बसत जाऊ नकोस, पोरी. एक मोकळा ठेव," असं वासीतीबुबूंनी आर्तिकाला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती हसली होती. हसून पुन्हा हेडफोन चढवले होते.

बुबूंनी तरुणपणी फिजीच्या राजधानीत, सुवाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकोणीस वर्षं काढली होती. सगळा शेजार त्यांना बुबूच म्हणायचा, आजी म्हणावं तसं. "आम्ही बारा जणी एका ओळीत बसायचो," त्या सांगायच्या. "एका कानात मंत्री आणि दुसऱ्या कानात चहाची किटली. दोन्ही कान मंत्र्याला दिले असते तर एकोणीस वर्षांत एक कप चहा मिळाला नसता."

"बुबू, माझ्या कामात बाळाचा श्वाससुद्धा टिपावा लागतो. एक कान उघडा ठेवला तर अर्धं निसटतं."

"निसटू दे. दारात कोण आलं ते तरी कळेल."

आर्तिकाला त्यात काही धोका दिसला नव्हता. एरवी तिला सगळीकडे धोका दिसायचा. मिशा चौदा महिन्यांची झाली तरी ती झोपेत हलली नाही की आर्तिका तिच्या नाकाशी बोट धरून बघायची. पपई भरवताना बी राहिली नाही ना म्हणून फोड उजेडात धरायची. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत यायची, आणि खाली उभा राहिलेला शिवनेश म्हणायचा, "माझ्या बाजूने पण एकदा बघून ये हां!" शिवनेश म्हणजे तिचा नवरा, बसच्या गॅरेजात मेकॅनिक. घरात पगार त्याचा आणि पदव्या तिच्या.

तिची पीएच.डी. तिसऱ्या वर्षात होती. फिजियन, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा ज्या घरात चालतात, तिथलं लहान मूल दिवसभरात नेमकं काय ऐकतं, हा विषय. मुलाला छातीवर खिसा असलेलं जाकीट घालायचं, खिशात काड्यापेटीएवढं रेकॉर्डर ठेवायचं, सकाळी उठल्यापासून संध्याकाळी सहापर्यंत चालू. मग त्यातले तुकडे ऐकून शब्दन् शब्द उतरवून काढायचा. पलीकडच्या बेटावरून, लबासाहून सासूबाईंचा फोन आला की त्या शिवनेशला हळूच विचारायच्या, "अरे, तिची शाळा अजून संपली नाही का? हुशार म्हणून तर केली होती ना?" फोन स्पीकरवर असायचा.

अशी बारा घरं हवी होती. अकरा झाली. बाराव्या घरातली आई फळं तोडायच्या हंगामाला न्यूझीलंडला निघून गेली, बाळ आजोळी गेलं, आणि प्रबंध द्यायला अडीच महिने उरले. आर्तिकाच्या मार्गदर्शक डॉ. नाइवालू शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या घरात एक बाळ आहे ना? आणि तिन्ही भाषा आहेत."

परवानगीचा तीन पानी अर्ज तिने स्वतःच स्वतःला दिला आणि स्वतःच भरून स्वतःकडून घेतला. 'सहभागी पालकाला संशोधनाचा हेतू नीट समजला आहे का?' या प्रश्नापुढे 'होय' लिहिलं आणि शिवनेशला म्हणाली, "खरं सांगू का, मला अर्धाच समजलाय."

रेकॉर्डिंगच्या दिवशी शिवनेश रेडिओवर बातम्या देणाऱ्यासारखा बोलायला लागायचा. "मिशा, हा चमचा आहे. चमचा स्टीलचा आहे. आपण चमच्याने डाळ खातो."

"नेहमीसारखं बोल ना रे!"

"नेहमीसारखं बोललो तर तुझ्या बाई काय म्हणतील?"

पहिल्या दिवशी नाश्त्यानंतर तो विसरला आणि त्याच बाईंची नक्कल करत स्वयंपाकघरभर हिंडला. ती साडेतीन मिनिटं आर्तिकाला स्वतःच्या हाताने उतरवावी लागली, कारण तुकडे संगणक निवडायचा. तिने कंसात प्रामाणिकपणे लिहिलं: 'वडील दुसऱ्या व्यक्तीच्या आवाजात बोलतात. बाळ हसते.' त्यावर डॉ. नाइवालूंचा शेरा आला होता, 'कोणत्या व्यक्तीच्या?'

उतरवण्याचे नियम होते. बाळाशी कुणी बोललं तर पूर्ण लिहायचं. मोठी माणसं आपापसात बोलली तर थोडक्यात. आणि भिंतीपलीकडून, जिन्यावरून, रस्त्यावरून जे येईल त्याला फक्त खूण करायची, 'दूरचा आवाज', आणि पुढे जायचं. मिशाच्या रेकॉर्डिंगमध्ये हा दूरचा आवाज बहुतेक वेळा वासीतीबुबूंचाच असायचा.

सुवातल्या समाबुला वस्तीत, चढावरच्या त्या दुमजली घरात वरच्या मजल्यावर आर्तिकाचं बिऱ्हाड, खाली बुबू. त्यांचा मुलगा सेमी सैन्यात होता. गेल्या ऑगस्टात शांतिसेनेबरोबर वाळवंटात जायच्या आदल्या दिवशी तो पाठीवर दालोच्या कंदांचं गाठोडं घेऊन वर आला. हे उंच धिप्पाड माणूस दारात चपला काढून अवघडून उभं राहिलं.

"ताई, आई गावाला यायला तयार नाही. इथेच राहीन म्हणते. साखर आहे, डाव्या पायाला कळत नाही काही. परवा विस्तवावर पाय पडला तर वासावरून कळलं तिला. फार काही नको, दिवसातून एकदा डोकावत जा."

"अरे, हे काय सांगायला हवं?" आर्तिका म्हणाली होती. अगदी मनापासून म्हणाली होती.

आणि डोकावणं सोपंही होतं. बुबूंचं दार दिवसभर उघडं. त्या दाराशी चटईवर बसलेल्या असायच्या, रेडिओ चालू, पुढ्यात काहीतरी खायला, आणि जिन्यावर पाऊल वाजलं की हाक यायची, "माई काना!" या, जेवायला या. फिजियन घरात जेवताना दारावरून माणूस गेला आणि त्याला हाक मारली नाही, तर घराला शोभत नाही. आणि हाकेसरशी कुणी खरंच आत येऊन ताटाशी बसला, तर त्यालाही शोभत नाही. हिंदी बोलणाऱ्या घरांतली माणसंही जन्मापासून हे शिकलेली. चालता चालता म्हणायचं, "विनाका बुबू, पोट भरलंय!" आणि चालू लागायचं. आभार मानून झाले, भूक लपवून झाली, कुणाचं काही बिघडलं नाही.

आर्तिकाने याचीच हजेरी करून टाकली होती. हाक आली म्हणजे बुबू ठीक. आपलं उत्तर गेलं म्हणजे आपण डोकावलो. दर शनिवारी सेमीला निरोप पाठवायची, 'आई मजेत आहे.' त्यात खोटं काही नव्हतं. फक्त दाराच्या आत तिने शेवटचं पाऊल कधी टाकलं होतं हे तिला आठवलं नसतं.

तो मंगळवार म्हणजे बाराव्या घराचा शेवटचा दिवस. हे रेकॉर्डिंग नीट झालं की माहिती गोळा करणं संपलं. नेमकी त्याच दिवशी मिशाच्या लशीची तारीख होती. आर्तिकाने तिला जाकीट घातलं, पाठीवर नियमाप्रमाणे 'आवाज नोंदवला जात आहे' अशी पाटी टाचली आणि आरोग्य केंद्रात नेलं. नर्सबाईंनी आधी छातीवरचं यंत्र बघितलं. "हृदयाचं आहे का? बिचारी!" मग पाठीवरची पाटी वाचली आणि तिथून पुढे त्या इतक्या शुद्ध इंग्रजीत बोलू लागल्या की रांगेतल्या आया एकमेकींकडे बघायला लागल्या. सुई टोचल्यावर मिशाने जो टाहो फोडला तो मात्र तिन्ही भाषांत सारखाच होता.

"आज ताप येऊ शकतो," नर्सबाई म्हणाल्या. "लक्ष ठेवा."

लक्ष ठेवा! हे आर्तिकाला सांगायचं म्हणजे माशाला पोहायला सांगण्यासारखं. बसमध्ये ती दर थांब्याला मिशाचं कपाळ चाचपत होती. सकाळपासून तिने स्वतः एक बन आणि चहा एवढ्यावर काढली होती. पाऊस नुकताच थांबला होता. खांद्यावर पिशवी, काखेत छत्री, कडेवर पेंगुळलेली मिशा, अशी ती जिन्याशी आली. पहिल्या पायरीवर पाऊल पडलं आणि हाक आली.

"माई काना!"

"विनाका बुबू, पोट भरलंय!" आर्तिकाने चढता चढता उत्तर दिलं. मनात आलं, चला, बुबूंचं झालं. आता ताप.

मिशाला तिने स्वयंपाकघराच्या भिंतीशी गादीवर ठेवलं. जाकीट काढलं नाही. सहापर्यंत ठेवायचंच होतं. थर्मामीटर लावला, सदतीस पूर्णांक दोन. वहीत लिहिलं. मग मिशा दिसेल अशा बेताने टेबलाशी बसली, दोन्ही कानांवर हेडफोन चढवले आणि अकराव्या घराचं उरलेलं काम काढलं. बाळ डोळ्यांसमोर आहे, मग कान कशाला हवेत?

बाळ सारखं दचकत होतं. झोपेतच दोन्ही हात एकदम वर जायचे, ओठ थरथरायचे आणि पुन्हा शांत. आर्तिकाला वाटलं, तापाआधीची थंडी असेल का? दर वेळी उठून तिने थर्मामीटर लावला. तीन बावन्न, सदतीस पूर्णांक तीन, दचकली. चार दहा, सदतीस पूर्णांक तीन, दोनदा दचकली. चार पस्तीस, सदतीस पूर्णांक दोन, दचकली. ताप काही चढेना. दचकणं मात्र थांबेना. मग पाच वाजायच्या सुमारास तेही थांबलं आणि आर्तिकाचा जीव भांड्यात पडला.

साडेपाचला शिवनेश आला, ग्रीसचा वास घेऊन. हेडफोनमुळे तिला तो आलेला कळलाच नाही. त्याने मागून खांद्यावर हात ठेवल्यावर ती ताडकन उभी राहिली.

"चोर आला असता तर टेबलासकट तुला घेऊन गेला असता," तो म्हणाला. "ताप?"

"नाही. पण सारखी दचकत होती."

"तुझीच पोर आहे." त्याने मिशाला उचललं, जाकिटाकडे बघून आवाज बदलला. "मिशा, हे तुझे बाबा आहेत. बाबा दमले आहेत."

सहा वाजले. आर्तिकाने रेकॉर्डर काढून संगणकाला जोडलं. मागच्या आठवड्यात पत्र्यावरच्या पावसाने एक अख्खा दिवस वाया घालवला होता, म्हणून आवाज नीट आलाय का हे ती लगेच बघायची. आरोग्य केंद्र ठीक. बस ठीक, घरघर आहे पण चालेल. तिने तीन एकतीसला बोट आणलं. जिना.

स्वतःची धाप ऐकू आली. छत्रीचं टोक कठड्याला आपटल्याचा आवाज. मग बुबूंची हाक. मग तिचं स्वतःचं, घाईचं, जरा वरच्या पट्टीतलं उत्तर. पावलं.

तिने सवयीने खूण केली, 'दूरचा आवाज'. पुढे जायला बोट उचललं आणि ते तसंच राहिलं.

काय खटकलं ते तिला लगेच सांगता आलं नसतं. तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. रेडिओ नव्हता. बुबूंच्या हाकेमागे रेडिओ नाही असं कधी होत नसे. आणि हाक घुमत होती. चटईवर बसून मारलेली हाक अशी घुमत नाही. ती मोकळी येते, उजवीकडच्या दारातून. ही आली होती फरशीच्या भिंतींना आपटून, आणि तिच्या मागे थेंब पडत होते. टप. टप.

जिन्याच्या डाव्या हाताला बुबूंच्या न्हाणीघराची खिडकी होती.

न्हाणीघरातून जेवायला कोण बोलावतं?



तिने पुढे ऐकलं. तिची पावलं वर गेली, किल्ली वाजली, आणि दार लागायच्या आत, खूप खालून, मघापेक्षा बारीक आवाजात पुन्हा एकदा, "माई काना... ए पोरी..." मग दार लागलं.

"शिवनेश," ती म्हणाली.

बोटं आपोआप तीन बावन्नवर गेली. रेकॉर्डिंगभर तिची स्वतःची टाइप करण्याची टकटक भरून राहिली होती. ती कुठलंसं गाणंसुद्धा गुणगुणत होती. आणि त्या टकटकीखालून भिंतीतल्या पाइपवर पत्र्याचा मग आपटावा तसा आवाज, ठण, ठण, ठण. त्यामागोमाग मिशाचा दचकलेला श्वास. चार दहाला पुन्हा, दोनदा. चार पस्तीसला, एकदाच, अगदी हळू. वही शेजारी उघडी पडली होती. सगळ्या वेळा तिच्याच अक्षरात आधीच लिहून ठेवलेल्या होत्या.

ती अनवाणीच धावली. मागून मिशाला काखोटीला मारून शिवनेश. बुबूंचं दार उघडंच होतं. चटई रिकामी. न्हाणीघराचं दार आतून लागलेलं नव्हतं, पण ढकललं तर बोटभर उघडून कशावर तरी अडलं. त्या फटीतून पांढऱ्या केसांचा आंबाडा दिसला.

"बुबू! बुबू!"

उत्तर नाही.

"ढकलू नकोस, त्याच मागे आहेत!" शिवनेश म्हणाला. मिशाला तिच्या हातात कोंबून तो बाहेर जिन्यावर गेला आणि खिडकीच्या पट्टीपट्टीच्या काचा एकेक करून खाचेतून ओढून काढायला लागला. खालची तिसरी गंजून बसली होती, ती निघेना. आर्तिका आत दाराशी गुडघ्यावर बसून फटीतून बोटं घालून बुबूंच्या कपाळाला पोहोचायचा प्रयत्न करत होती. कपाळ थंड आणि घामाने ओलं. एवढा वेळ सदतीस पूर्णांक दोनची राखण केलेली ती बोटं.

"बुबू, मी आलेय. जेवायला आलेय, बुबू."

आतून बऱ्याच वेळाने, चिरका, पण अगदी बुबूंचाच आवाज आला. "आत्ता? ... सगळं निवलं की गं."

आर्तिका तिथेच रडायला लागली. ती रडतेय म्हणून मिशा रडायला लागली.

तिसरी काच फुटली एकदाची. शिवनेशने आधी डोकं आत घातलं, तशा बुबू म्हणाल्या, "डोळे मीट. आधी मला माझी सुलू दे, मग काय ती दया दाखव." त्याने खुंटीवरचं ते लांब नेसायचं कापड डोळे मिटून खाली सोडलं, ते अर्धं बादलीत पडलं. मग खिडकीतून आत उतरला, बुबूंना जरा सरकवून दार उघडलं. आर्तिकाने साखरेचं पाणी केलं, चमच्याचमच्याने पाजलं. अंघोळीनंतर बधिर पाय घसरला होता. कंबर हलवता येत नव्हती. दुपारचं जेवण राहिलं होतं पण गोळी घेऊन झाली होती. जवळजवळ तीन तास ओल्या फरशीवर.

समोरच्या वळणावरचा टॅक्सीवाला गाडी थेट दाराशी घेऊन आला. मागच्या सीटवर बुबूंचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली आर्तिका दर मिनिटाला त्यांच्या नाकाशी बोट धरत होती.

"काढ ते बोट," बुबू डोळे मिटूनच म्हणाल्या. "शिंक येईल."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, माकडहाडाच्या वर तडा आहे, साखर फार उतरली होती, आणखी तास-दोन तास गेले असते तर सांगता आलं नसतं. ते 'सांगता आलं नसतं' आर्तिकाच्या डोक्यात पुढे कितीतरी दिवस त्या मगासारखं वाजत राहिलं.

तिसऱ्या दिवशी बुबू उशाला टेकून बसल्या तेव्हा तिने विचारलंच. कधीचं विचारायचं होतं.

"बुबू, तुम्ही 'मदत करा' असं का नाही ओरडलात? मी लगेच आले असते."

"उघडीवाघडी पडले होते मी. मदत म्हणून ओरडले असते तर अख्खं समाबुला गोळा झालं असतं. वरच्या वळणावरचा तो चर्चचा वडीलधारी पण आला असता. त्याला तेवढंच हवंय." त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. "म्हटलं, जेवायला हाक मारू. एखादी बाई येईल आत, बघेल, दार लावून घेईल."

"पण त्या हाकेला कुणी येत नाही, बुबू. कधीच."

"ते मला त्या दिवशी कळलं," बुबू म्हणाल्या. "चौसष्ट वर्षं हाका मारतेय."

आर्तिकाने मान खाली घातली. "मी म्हणाले, पोट भरलंय."

"ऐकलं ना मी. पडल्या पडल्या म्हटलं, खोटारडी. सकाळपासून हिने काही खाल्लेलं नसणार." आणि मग तिचा हात थोपटत, "इसा, बिचारी पोर, रडू नकोस गं. ताप आला का मग बाळाला?"

"नाही."

"बघ. उगाच काळजी करतेस."

सेमीला तिने सगळं सांगितलं, फोनवर, काहीही न झाकता. मी डोकावत नव्हते, मी फक्त ऐकत होते, आणि तेही नीट नाही. मग तो म्हणाला, "ताई, मी पण शनिवारी फक्त तुझा निरोपच वाचत होतो."

मंगळवारचं रेकॉर्डिंग काढून टाकायचा तिला हक्क होता; अर्जातच तसं लिहिलं होतं. शिवनेश म्हणाला, "काढ. पुन्हा कशाला ऐकतेस?" ती बुबूंना विचारायला गेली. बुबू म्हणाल्या, "मी काय वाईट बोलले का त्यात? राहू दे. मंत्र्यांचं काही राहिलं नाही, माझं तरी राहू दे." मग आर्तिकाने नियम मोडून ती हाक शब्दन् शब्द उतरवली, पाइपवरचे ठोकेसुद्धा. डॉ. नाइवालूंनी समासात विचारलं, 'दूरचा आवाज एवढ्या तपशिलात का?' आर्तिकाने खाली लिहिलं, 'दूरचा नव्हता. एक मजला खाली होता.' पुढच्या शेऱ्याऐवजी त्या शनिवारी बाई स्वतः बाबाकाऊची, म्हणजे पिठाच्या तळलेल्या गोळ्यांची पिशवी घेऊन बुबूंच्या दारात हजर झाल्या. हाक आली तशा सरळ आत गेल्या आणि दोन तास उठल्या नाहीत. वर शिवनेश जिन्याच्या तोंडाशी उभा राहून त्यांचं हसणं ऐकत होता. "तुझ्या बाई हसतात?" तो कुजबुजला. "असं हसतात होय? मी नक्कल चुकीची करत होतो."

आता आर्तिका उजवा कान मोकळा ठेवून काम करते. काम निम्म्या वेगाने होतं, प्रबंधाला एका महिन्याची मुदत वाढवून घ्यावी लागली, आणि लबासाहून सासूबाई पुन्हा विचारू लागल्या आहेत. दिवसातून दोनदा ती खाली जाऊन चटईवर बसते आणि जे असेल ते खाते. दालोच्या पानांची रोरो भाजी, कसाव्याचा उकडलेला कंद, कधी नुसता डब्यातला मासा. तीन किलो वजन वाढलं. बुबू चालायच्या चौकटीला धरून घरात फिरतात, आणि आर्तिका हात धुवायला उठली की म्हणतात, "एवढंच? आजारी आहेस का?"

पण परवा नणंदेच्या लग्नाला लबासाला जायचं ठरलं आणि तिची झोप उडाली. पाच दिवस! सेमीची मावशी शुक्रवारशिवाय येऊ शकत नव्हती. शेजाऱ्यांना सांगून झालं, टॅक्सीवाल्याला सांगून झालं, वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना दोनदा सांगून झालं. तरी निघायच्या सकाळी, शिवनेश पिशव्या घेऊन खाली उभा असताना, ती अर्ध्या जिन्यातून परत फिरली.

"गॅस मी बघितलाय!" तो ओरडला.

"गॅस नाही रे." तिने वरून एक कागद आणला आणि खाली पहिल्या पायरीजवळ भिंतीवर चिकटवला. शिवनेश जवळ येऊन वाचायला लागला.

'जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या सर्वांना. आम्ही रविवारपर्यंत नाही. उजवीकडच्या घरात वासीतीबुबू राहतात. त्या जेवायला हाक मारतील. पोट भरलेलं असलं तरी विनाका म्हणून पुढे जाऊ नका. आत जा आणि त्यांना डोळ्यांनी बघा. कसाव्याचा एक तुकडा खायला पाच मिनिटं पुरतात. हाक आली नाही तर मात्र दारातूनच विचारत बसू नका, थेट आत जा. दार उघडंच असतं. न्हाणीघराच्या काचा बाहेरून निघतात, खालची तिसरी नवीन आहे, ती आधी काढा.'

"एवढं मोठं कोण वाचणार?" शिवनेश म्हणाला. "लोक घाईत असतात, बाई."

हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने त्याच्या खिशातलं पेन घेतलं, कागदाच्या डोक्यावर जागा उरली होती तिथे, जाता जाता कुणाच्याही नजरेत भरेल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं:

'तुम्ही जे कोणी हे वाचताय, आज त्यांना बघितलंत का?'